अप्पांची भूमिका

आमच्या घरची आमटी वर्ष-दीड वर्षात हळूहळू घट्ट होत गेली. आधी ती वाटीत असायची, मग वाटी गेली आणि ती भातावरच पडू लागली, मग आमटीच बंद होऊन तिच्या जागी गोळा वरण आलं, आणि शेवटी पिठलंसुद्धा आई इतकं आटवायला लागली की त्याच्या वड्या पडाव्यात. ताकाचा पेला अर्धाच भरला जायचा. सकाळचे पोहे बंद झाले, कारण ते चमच्यातून सांडतात. त्यांच्या जागी थालीपीठ आलं, तेही आई आधीच तुकडे करून द्यायची. हे सगळं अप्पांच्या उजव्या हातासाठी चाललं होतं आणि त्याबद्दल आम्हा तिघांपैकी कुणीही अवाक्षर काढत नव्हतं. आज मी एकटी जेवते, तरी माझ्या हातची आमटी घट्टच होते. पातळ करायला गेले तर काहीतरी चुकतंय असं वाटतं.

अप्पा खडकीच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचे. केसाएवढा फरक पडला तरी तो भाग बाजूला काढायचा, असं ते काम. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी स्वतःहून मुदतीआधी नोकरी सोडली. क्वार्टर खाली करावं लागलं आणि आम्ही बाजाराच्या मागं दोन खोल्यांत राहायला आलो. तिथंही कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. सकाळचा भोंगा झाला की अप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे, जणू कुणी बोलावणं पाठवणार आहे. शर्टाची बटणं आई लावायची. उजवा हात खिशात असायचा. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलं, कारण तिथं पंक्तीला बसावं लागतं. जुने सोबती सुरुवातीला यायचे, पण बोलताना त्यांची नजर अप्पांच्या हाताकडे जायची, मग दचकून छताकडे जायची, आणि मग चहा न घेताच ते उठायचे. डॉक्टरांनी कंपवात हा शब्द उच्चारला होता. घरात आम्ही ‘हाताचं’ म्हणायचो. ‘त्यांचं हाताचं जरा वाढलंय,’ एवढंच.

दुपारचा चहा ही सगळ्यात अवघड वेळ. अप्पांना चहा कपबशीतूनच लागायचा, आणि डाव्या हातात बशी धरून कप उचलला की तो बशीवर किणकिणायला लागायचा. तो आवाज सुरू झाला की आई उठून मोरीतला नळ सोडायची, किंवा रेडिओ मोठा करायची, किंवा उगाच भांडी आपटायची. अप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. चहा संपला की ते कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, ‘झालं. आता नळ बंद कर, पाणी वाया जातंय.’

मला नाचाला घातलं ते अप्पांनीच. आमच्या नात्यात कुणी नाचलेलं नव्हतं. मी दुसरी-तिसरीत असताना त्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात एका बाईंना भरतनाट्यम करताना पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं की इतकं मापात चालणारं दुसरं काही आपण पाहिलेलं नाही. आठवड्यातून तीनदा ते मला खडकीहून लोकलनं शिवाजीनगरला न्यायचे आणि तिथून चालत कमलताईंच्या वर्गात. एका शाळेच्या मागच्या खोलीत तो वर्ग भरायचा. कमलताई पाटावर बसून लाकडी ठोकळ्यावर दांडीनं ताल द्यायच्या आणि डोळा चुकला तरी त्यांना कळायचं. बोटं जरा हलली की म्हणायच्या, ‘हात बोलला पाहिजे, बडबडता कामा नये.’ अप्पा बाहेर बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि आतल्या बोलांबरोबर त्यांची बोटं गुडघ्यावर मुद्रा करत असायची. घरी माझा सराव तेच घ्यायचे. पुढं पुढं त्यांना मुद्रा धरून दाखवता येईना, तेव्हा ते नुसतं नाव घ्यायचे आणि मी हात धरायचे.

माझं अरंगेत्रम, म्हणजे मंचावरचा पहिला एकटीचा नाच, होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा शेखर परत आला. तो कमलताईंचा जुना विद्यार्थी. भरतनाट्यम शिकून तो परदेशी गेला होता आणि तिथं वेगळाच नाच शिकून आला होता, ज्यात जमिनीवर पडणं, लोळणं, नुसतं उभं राहणं, श्वास ऐकू येऊ देणं, हे सगळं नाचच धरलं जायचं. त्याला दोन्ही एकत्र करायचं होतं. तो म्हणायचा की आपल्याकडे तिहाई घेऊन, म्हणजे तोच बोल तीनदा नाचून, शेवटच्या मात्रेवर शरीर थांबतं, लोक टाळ्या वाजवतात, पण त्या थांबण्यानंतर शरीराचं काय होतं हे कुणी दाखवत नाही. ते ऐकून मी त्याच्याबरोबर काम करायचं ठरवलं. कमलताईंनी मला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या की पत्रिकेत गुरू म्हणून त्यांचं नाव घालू नये.

एका रविवारी शेखर आमच्याकडे जेवायला आला. जेवणं नीट पार पडली. मग चहा आला, अप्पांनी कप उचलला, आणि आईनं सवयीनं रेडिओ मोठा केला. शेखर म्हणाला, ‘काकू, रेडिओ जरा बंद करता?’ आईचा हात बटणावर तसाच राहिला. शेखर अप्पांकडे बघत होता. चोरून नाही, आमच्याकडे येणारे बघायचे तसं नाही. समोर बसून, नाच बघावा तसा. अप्पांनी ते पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला नाही. तो बशीवर वाजत राहिला आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. मग आईनं रेडिओ बंद केला.

त्यातून तो प्रयोग झाला. त्यात फार काही नव्हतं. मंचावर एक खुर्ची, एक तिवई, तीवर कपबशी. अप्पा शर्टाची बटणं लावत बसलेले असायचे, आणि मी त्यांच्या भोवती जतिस्वरम्, म्हणजे गोष्ट नसलेला नुसत्या तालाचा नाच, नाचायचे. कडक, मापात, कमलताईंनी शिकवलं तसं. शेखर कोपऱ्यात बसून बोल म्हणायचा आणि झांज वाजवायचा. मी शेवटची तिहाई घेऊन थांबले की झांजही थांबायची. मग त्या शांततेत अप्पा बशीसकट कप उचलायचे. तिवईखाली ध्वनिक्षेपक लावलेला असायचा. तो किणकिणाट सगळ्या नाट्यगृहात भरायचा आणि मला त्याच्यावर हलायचं होतं, हळूहळू, सगळं शिकलेलं सोडून देत, जमिनीपर्यंत. शेवटी अप्पांनी उठून माझ्यापर्यंत चालत यायचं आणि मला हात द्यायचा.

आईला हे मुळीच पटलं नव्हतं. ‘आजार दाखवून टाळ्या घ्यायच्या,’ ती म्हणाली, ‘मग रस्त्यावर बसलेले काय वाईट.’ अप्पा तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. तालमीच्या दिवशी ते माझ्याआधी तयार असायचे. बुटांना पॉलिश करायला त्यांना अर्धा तास लागायचा, पण ते स्वतः करायचे. लोकलमध्ये हात खिशाबाहेर असायचा. कुणी बघितलं तर ते त्या माणसाला सांगायला लागले होते की आम्ही तालमीला चाललोय.

पहिल्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण जे होते ते कप वाजायला लागल्यावर खोकलेसुद्धा नाहीत. नंतर बाहेर एक बाई डोळे पुसत अप्पांजवळ आल्या, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, काय सुंदर अभिनय केलात हो. अप्पा म्हणाले, ‘अभिनय कसला, खरंच आहे ते.’ बाईंनी हात सोडला. सोडला म्हणजे, गरम भांडं सोडावं तसा. अप्पा घरी येईपर्यंत त्या गोष्टीवर हसत होते. मला हसू येत नव्हतं. कमलताईही येऊन गेल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ‘पाय बरोबर पडले,’ त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, ‘बाकीचं मला कळत नाही.’

त्यानंतर प्रयोगाला बोलावणी यायला लागली, आणि त्याच सुमाराला आईनं कुणाकुणाला विचारून कॅम्पातले एक मोठे डॉक्टर शोधून काढले. त्यांनी नवीन गोळ्या सुरू केल्या. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसायला लागला. एक दिवस मी बाहेरून आले तर अप्पा आरशासमोर उभे राहून स्वतः बटणं लावत होते आणि आई दारात उभी राहून पदराला डोळे पुसत होती. त्या दिवशी तिनं आमटी केली. पातळ, चिंचगुळाची, वर कोथिंबीर. वाटीत वाढली. अप्पांनी वाटी तोंडाला लावून ती प्यायली आणि एक थेंब सांडला नाही. आमच्या घरातला तेवढा एक दिवस मला पूर्ण सुखाचा म्हणून आठवतो. वाईट एवढंच की तो तेवढाच होता.

पुढच्या तालमीला कप वाजला नाही. अप्पांनी उचलला, ओठांना लावला, खाली ठेवला. कुणीही ठेवेल तसा. मी जमिनीवर जायची वाट पाहत उभी होते आणि हलायला काही नव्हतं. शेखरनं झांज खाली ठेवली. मग संकोचत म्हणाला, ‘अप्पा, थोडं मुद्दाम करून बघता का?’ अप्पांनी हात हलवून पाहिला. इतकं खोटं मी कधी पाहिलं नव्हतं. थंडी वाजल्याचं सोंग करणाऱ्या लहान मुलासारखं दिसत होतं ते. त्यांनी दोनदा-तीनदा करून पाहिलं आणि मग स्वतःच म्हणाले, ‘नाही येत.’ लोकलमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. त्यांचा चेहरा तसं सांगत नव्हता.

प्रयोग पंधरवड्यावर होता आणि रद्द करायचं कुणी बोललं नाही. शेखर म्हणाला की जसं होईल तसं करू. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा व्हायच्या आत अप्पांनी मला विंगेत बोलावलं आणि उजवा हात पुढं केला. तो पूर्वीपेक्षाही जोरात कापत होता. ‘परवापासून गोळ्या घेतल्या नाहीत,’ ते म्हणाले. ‘बघ, कसं छान येतंय.’ त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी काही म्हणायच्या आत घंटा झाली आणि ते शेखरच्या हाताला धरून अंधारात खुर्चीपर्यंत गेले.

मी नाचत होते तेव्हा सगळं ठीक होतं. पाठीमागं त्यांची बटणांची झटापट मला जाणवत होती. तिहाई घेतली, थांबले, झांज थांबली. कप वाजला. वाजला म्हणजे थडथडला. चहा तिवईवर सांडलेला मला ऐकू आला. मी हलायला लागले, आणि जमिनीपर्यंत जायच्या आधीच तो आवाज तुटला. मी मान वळवून पाहिलं. कप हातातच होता, ओठांपासून वीतभर दूर, आणि हात स्थिर होता. सगळे अप्पाच स्थिर होते. मान पुढं आलेली, तोंड किंचित उघडं, पापणी लवत नव्हती. फक्त बुबुळं माझ्याकडे वळलेली होती. ते मला हाक मारत होते आणि त्यांना मारता येत नव्हती, हे मला जितकं स्पष्ट कळलं तितकं आयुष्यात फार थोडं कळलं असेल. मी उठून त्यांच्यापर्यंत गेले. ते उठून माझ्याकडे येणार असं ठरलेलं, पण मी गेले. कप काढून घेतला, बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यांच्या पायाशी बसले, कारण दुसरं काही सुचेना. शेखरनं दिवे उतरवले. आणि टाळ्या सुरू झाल्या. लोकांना तो शेवट वाटला. लोक उभे राहिले होते म्हणे. दोघांनी अप्पांना खुर्चीसकट उचलून विंगेत आणलं, तरी टाळ्या चालूच होत्या.

आई पहिल्या रांगेत होती. ती एकटीच टाळ्या न वाजवता उठली आणि सरळ मंचावरून आत आली. तिनं पर्समधून गोळी काढली, पाण्याचा पेला मागितला, अप्पांचं डोकं छातीशी धरून गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. मग शेखरकडे न बघता म्हणाली, ‘झालं ना तुमचं? आता आमचा माणूस आम्हाला द्या.’ ती रडली नाही, ओरडली नाही. शेखर भिंतीला टेकून खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. वाईट असता तर सगळंच सोपं झालं असतं.

अप्पा दोन दिवसांत हिंडूफिरू लागले, पण त्यानंतर गोळ्यांनी पहिल्यासारखं काम केलं नाही. कधी हात कापायचा, कधी अंग लाकडासारखं व्हायचं. शेखरनं घरी येऊन सांगितलं की अप्पांना मंचावर न्यायची जोखीम तो घेऊ शकत नाही, आणि पुढचे प्रयोग रवी करेल. रवी चांगला नाचणारा मुलगा होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्याला आमच्याकडे येऊन शिकायचं होतं. मला वाटलं अप्पा त्याला दारातूनच परत पाठवतील. पण त्यांनी शर्ट बदलला, केस विंचरून घेतले आणि त्याला कॉटवर शेजारी बसवलं. तीन-चार दुपारी ते चाललं. आई आत जात्यासारखी एकसारखी कामं काढत राहायची. अप्पा त्याला सांगत होते की हात पडलेला असताना जास्त कापतो, काही धरायला गेलं की क्षणभर थांबतो आणि मग परत सुरू होतो. की अंगठा आणि पहिलं बोट गोळी वळल्यासारखी चालतात. की खांद्यातून करू नकोस, मनगटातून येऊ दे. ‘घाई नको,’ ते म्हणायचे, ‘माप सांभाळ.’ रवी त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवून करायचा. शेजारी शेजारी ते दोन हात कापायचे, आणि मी दारात उभी राहून पाहिलं आहे की शेवटच्या दिवशी कोणता कुणाचा हे नुसत्या बोटांवरून सांगता आलं नसतं.

रवीच्या पहिल्या प्रयोगाला अप्पा आले. आई आली नाही. मी नाचले, थांबले, कप वाजला. रवीचा कप नेमका वाजायचा. हवा तेव्हा वाढायचा, हवा तेव्हा विरायचा. ज्या जागी अप्पांच्या वेळी मी चाचपडायचे तिथं आता मला पाऊल टाकायला जागा मिळत होती. नाच म्हणून तो प्रयोग त्या दिवशी पूर्ण झाला, हे मला मंचावरच कळत होतं. बाहेर रवीभोवती गर्दी होती. अप्पा जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. ओळखीच्या एकानं त्यांना म्हटलं, काय हुबेहूब करतो हो पोरगा. अप्पा म्हणाले, ‘माझ्यापेक्षा बरा करतो.’ यात खोच नव्हती. त्यांनी तपासून सांगितलं होतं, कारखान्यात सांगत असतील तसं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. त्या प्रयोगानं शेखरचं नाव झालं आणि काही वर्षांनी तो परत परदेशी गेला, तो तिकडचाच झाला. रवीनं नाच सोडून नोकरी धरली. मी बरीच वर्षं नाचले, मग गुडघे गेल्यावर वर्ग घेतला, नुसता भरतनाट्यमचा. अप्पा त्या प्रयोगानंतर दोन वर्षं होते. दुसरं वर्ष सगळं अंथरुणात गेलं. ते गेले तेव्हा आम्ही दोघी जवळ होतो आणि त्यांचा हात शांत होता.

पण रवीच्या त्या प्रयोगानंतरची सकाळ सांगायची राहिली. अप्पा कॉटवर टेकून बसले होते, मी त्यांना थालीपिठाचे तुकडे भरवत होते. मी म्हटलं की मी हे काम सोडतेय, शेखरला आजच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाला तुमच्या जागी बघणं मला जमणार नाही. अप्पांनी घास गिळायला वेळ घेतला.

‘सोडू नकोस,’ ते म्हणाले. ‘तिथं निदान लोक बघतात तरी.’

आई आत कणीक मळत होती, तिचा चहा शेजारी तसाच होता. तिनं ते ऐकलं. हात न धुताच ती बाहेर आली, कॉटच्या कडेला बसली आणि त्यांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. तो तिच्या पिठाच्या हातांत कापत होता. ती खाली मान घालून त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ. तिला असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. अप्पांनी थोडा वेळ तो तिच्याकडे राहू दिला. मग हळूच सोडवून घेतला, चादरीच्या आत नेला आणि दुसऱ्या हातानं वरून चादर सारखी केली.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘चहा निवतोय तुझा.’